रोज एक मिलिमीटर

१

आमच्या गॅरेजचं शटर दुपारी एकला खाली येतं आणि अडीचला वर जातं. मधल्या दीड तासात गिऱ्हाईक रस्त्यात अडकून पडलं तरी चालेल, काकाचं जेवण थंड होता कामा नये. घर गॅरेजच्या डोक्यावरच आहे. बाहेरून लोखंडी जिना, बावीस पायऱ्या. वर टेबलाला चार खुर्च्या: काका, काकू, त्यांचा मुलगा म्हणजे माझा दादा, आणि मी. माझे आईवडील दुसऱ्या गावी असतात. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं तेव्हापासून त्यांना मी फोनवरसुद्धा जड जाते, म्हणून मुक्काम काकाकडे. काका मला 'इंजिनिअर' अशी हाक मारतो. त्याला वाटतं, हा विनोद अजून ताजा आहे.

त्या सोमवारी मी सकाळी काकाची जुनी मोटारसायकल स्टँडवर चढवली आणि पुढचा फोर्क बसवला. हे काम मला झोपेतही येतं. पुढचं चाक दोन पाइपांनी धरलेलं असतं आणि ते पाइप वर, हँडलखाली, एका जाड पट्टीत आवळलेले असतात. तिला आम्ही टी म्हणतो. बोल्ट सैल करून पाइप टीमधून वर सरकवले की गाडीचं नाक खाली येतं. नाक खाली आलं की गाडी वळायला उतावीळ होते. पाइप खाली सरकवले की शांत होते. सरळ जायला खूश, वळायला आळशी. सगळा खेळ मिलिमीटरचा.

किती मिलिमीटर, ते भिंतीवर आहे. पंचवीस वर्षांपूर्वी काकाने याच गाडीवर इथल्या घाटातली शर्यत तीनदा जिंकली. तेव्हाचे आकडे त्याने कामाच्या टेबलामागे पेन्सिलीने लिहून ठेवलेत आणि भिंत रंगवताना तेवढा चौकोन कायम सोडलाय. सगळ्यात खाली: 'फोर्क १२'. त्या तीन कपांत आता स्क्रू असतात.

मी मोजायला व्हर्नियर लावला, मिलिमीटर मोजणारी दोन पायांची सरकपट्टी. टीच्या पाठीपासून पाइपच्या कडेपर्यंत, बरोबर बारा. पाइपवर टोपी असते, झाकणासारखी, ती सोडून. भांडं मोजताना झाकण कोण मोजतं? दोन्ही बाजू सारख्या. टॉर्क पाना लावला. ठरलेला जोर लागला की तो टक् वाजतो आणि पुढे हट्ट करू नकोस म्हणून सांगतो. मग बोल्टवर लाल रेघ ओढली.

ही आमच्या गॅरेजची रीत आहे. ज्याने बोल्ट आवळला त्याने त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर, अर्धी टीवर. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते. आणि काही बिघडलं तर कुणाच्या नावाने शंख करायचा तेही कळतं. काकाचा पांढरा, दादाचा पिवळा, माझा लाल. माझा लाल म्हणजे काकूची नेलपॉलिश. "नखांना लावायचं सोडून नटांना लावते," असं ती म्हणते आणि संपली की स्वतःच नवीन बाटली आणते.

रविवारी सकाळी नऊला घाटातली शर्यत होती. एक-एक गाडी सोडतात, घड्याळ लावून, वरून खाली, अकरा वळणं. या वर्षी एका मोटारसायकल कंपनीचा चाचणीवाला बघायला येणार होता. त्यांना चाचणीच्या ट्रॅकवर गाड्या चालवायला माणसं हवी होती. कागद मागत नव्हते, वेळ मागत होते. माझ्याकडे कागद नव्हताच.

एक वाजता आम्ही शटर ओढलं, वर गेलो, जेवलो. अडीचला खाली आले आणि सहज, हात रिकामा होता म्हणून, पुन्हा मोजलं.

अकरा.

२

पहिला संशय स्वतःवर. तो मला कॉलेजने शिकवला. बाकी फारसं काही नाही. वाटलं, सकाळी चुकून अकरा केलं असेल. बोल्ट सैल केले, बारा केलं, आवळलं, रेघ ओढली. मंगळवारी सकाळी शटर उघडल्या उघडल्या मोजलं. बारा. दुपारी एकच्या आधी मोजलं. बारा. जेवून आले.

दहा.

मी खाली बसले. रेघा बघितल्या. चारही लाल, चारही अखंड.

बोल्ट नीट आवळले नसतील तर पाइप सरकतो, हे खरं. पण गाडीचं वजन वरून बसतं. सैल पाइप टीमधून वर येतो. बाराचा तेरा होईल, चौदा होईल. बाराचा दहा होत नाही. बाराचा दहा व्हायचा तर आधी जॅक लावून गाडीचं तोंड उचलावं लागतं, बोल्ट सोडावे लागतात, पाइप खाली घ्यावे लागतात, दोन्ही सारखे, आणि पुन्हा आवळावे लागतात. सवयीच्या हाताला पंधरा मिनिटं. आणि कालच्या अकरावरून पुढे. मी मध्ये बारा केलेलं त्या कुणालातरी दिसलंच नव्हतं, किंवा दिसून त्याने सोडून दिलं होतं. मोठी माणसं बोलत असताना लहान पोराने मध्ये तोंड घातलं तर सोडून देतात, तसं.

डोकं या हिशेबात आणि हात गाडीवर. इंजिन तपासायला नुकतंच फिरवलं होतं. उजव्या हाताचा पंजा सायलेन्सरला टेकला, अंगठ्याच्या मुळाशी. कातडीचा आवाज आला.

वर काकूने पट्टी बांधली. "आकडीसारखा वाकडा डाग राहणार बघ," म्हणाली. "जन्मभर."

"लग्नाच्या बाजारात भाव पडला म्हण."

"बाजारात ठेवलंय कुणी तुला," काकू म्हणाली आणि गाठ जरा जास्तच आवळली.

दादा आतल्या खोलीतून ऐकत होता. तो हल्ली तिथूनच ऐकतो. गेल्या वर्षी याच शर्यतीत, याच गाडीवर, पाचव्या वळणातून बाहेर येताना तो पडला. मांडीत सळई आहे. कुबडी घेऊन जेवायच्या टेबलापर्यंत येतो आणि परत जातो. अकरा महिन्यांत तो जिना उतरला फक्त दवाखान्यासाठी, आणि गॅरेजच्या दाराकडे पाठ करून. गाडी मी पुन्हा उभी केली, नवे पाइप, नवं चाक, सगळं. तो कसा पडला यावर घरात एकच वाक्य आहे, काकाचं: "घाबरला, ब्रेक दाबला." ते वाक्य इतक्यांदा म्हटलं गेलंय की आता कुणी म्हणतही नाही. मीठ टेबलावर असतं तसं ते तिथे असतं.

३

बुधवारी मी चाल केली. चारही बोल्टवरच्या लाल रेघा खरवडून काढल्या आणि काकाच्या डबीतला पांढरा रंग लावला. नेलपॉलिशची बाटली खिशात घातली. जेवताना खिशावर हात ठेवून बसले. काका समोर, काकू डावीकडे, दादा उजवीकडे. कुणी उठलं नाही. काका दोनदा म्हणाला, मीठ कमी आहे. मी सगळ्यांच्या आधी उठून खाली आले.

नऊ. आणि चारही रेघा लाल.

बोटाने दाबून बघितलं. ओल्या होत्या. बोटाला लागलं. बाटली खिशात होती, बूच घट्ट.

अशा वेळी ओरडावं असं वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं. गॅरेज नेहमीचंच होतं. टायरांचा वास, भिंतीवरचे पाने, शटरच्या फटींतून जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्या. सगळं जागच्या जागी असणं हेच मला सहन होईना. काहीतरी पडलेलं, सांडलेलं असतं तर बरं वाटलं असतं.

काका खाली आल्यावर मी सरळ विचारलं.

"फोर्कला हात लावलास?"

"कुठल्या?"

"आपल्याकडे घाटात धावणाऱ्या डझनभर गाड्या आहेत का?"

"नाही लावला."

"मग नऊवर कसा आला?"

काका चहा पीत होता. "होता किती?"

"बारा. तुझ्याच भिंतीवरचा."

"आणि आता नऊ?"

"काल दहा होता. परवा अकरा. रोज दुपारी एक कमी होतो."

त्याने पेला खाली ठेवला. ठेवला कसला, टेबलाच्या कडेवर टेकवला, आणि तो पडेल हे त्याला दिसलं नाही. मी पकडला. काकाचा चेहरा मी लहानपणापासून बघतेय. त्यावर राग येतो, कंटाळा येतो, झोप येते. तसलं काही नव्हतं. गिऱ्हाइकाने न दाखवलेला बिघाड अचानक सापडावा तसा तो गाडीकडे बघत होता.

"आहे तिथे राहू दे," तो म्हणाला.

"का?"

"राहू दे म्हटलं ना."

"कारण सांग. नऊवर ती बैलगाडी होते. मी वेळ गमावणार आणि ती चाचणीची नोकरीही. कारण सांग आणि मी नऊवर चालवते."

"सगळ्याला कारण लागतं तुला. म्हणून कॉलेज टिकलं नाही."

मोठ्या माणसांचं हे बरं असतं. उत्तर नसलं की तुमची जुनी जखम काढायची आणि तिच्यावर बसायचं. मी त्याच्यादेखत बोल्ट सोडले, बारा केलं. तो बघत राहिला. त्याचे ओठ एकदा हलले. मग तो उठून एका स्कूटरची चेन साफ करायला गेला. चेन स्वच्छ होती.

४

गुरुवारी नवीन कुलूप आणलं. एकच किल्ली ठेवली, ती गळ्यात. गाडीभोवती खडूची भुकटी चाळली, पातळ, सारखी, जॅकचं चाक नुसतं टेकलं तरी उमटेल अशी. त्या दुपारी मी काय जेवले ते आठवत नाही. जबड्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

भुकटीवर मुंगीचंही पाऊल नव्हतं. आठ.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि ती गाडी बदलतेय म्हणून नव्हे. ती थांबत नव्हती म्हणून. रोज एक. न चुकता, न घाई करता. कुणीतरी मला कुठेतरी नेत होतं आणि रविवार ठरलेला होता. आठ, सात, सहा. रविवारी पाच? की शनिवारी थांबणार? ज्याला भिंतीतून येता येतं त्याला एकाच दिवसात सगळं सरकवता आलं असतं. मग रोज एकच का? मला कळावं म्हणून? आणि ते कळल्यावर मी काय करायचं? रात्री अंथरुणात मी पट्टी बांधलेला हात उशीखाली घेऊन झोपले, कुणी धरू नये म्हणून. वीस वर्षांच्या माणसाने हे लिहायचं म्हणजे कठीणच आहे.

शुक्रवारी सात. त्या संध्याकाळी मी दादाच्या खोलीत गेले. खोलीत एक पलंग, एक खिडकी आणि खिडकीला कायम ओढलेला पडदा, कारण खिडकीतून गॅरेजचं छप्पर दिसतं.

"तू रात्रीबिरात्री, दुपारी, कधी खाली जातोस का?" मी विचारलं.

"हो. उडत."

"चेष्टा नाही करत."

"मग मीही नाही. बावीस पायऱ्या उतरता आल्या असत्या तर आधी या घरातून पळालो असतो." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "घाबरलीस?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने पडदा थोडा बाजूला केला आणि पुन्हा ओढला.

"मला ते हँडल आठवतं," तो म्हणाला. "पाचव्या वळणातून बाहेर आलो, गाडी सरळ झाली, आणि हँडल नाचायला लागलं. डावी-उजवी, डावी-उजवी. आतून कुणीतरी दोन्ही हातांनी धरून हिसडतंय असं. ब्रेक मी पडल्यावर दाबला असेल, आधी नाही. पण बाबा म्हणाले घाबरलास, तर घाबरलो असेन."

"गाडी कोणी लावली होती?"

"मीच. भिंतीवर बारा, म्हणून बारा. व्हर्नियर लावून, पाइपच्या कडेपासून. केसभर इकडे-तिकडे नाही." मग म्हणाला, "तू लावतेस तशीच. मीच नाही का शिकवलं तुला."

मी जायला उठले तर म्हणाला, "गुणगुणत नव्हतीस ना हल्ली खाली? दुपारी?"

काम करताना मी गुणगुणते, डासासारखी, एकच सूर. मला स्वतःला कळत नाही. दादा त्यावरून लहानपणापासून चिडवतो.

"दुपारी मी तुझ्या शेजारी जेवत असते," मी म्हटलं.

"तेच," दादा म्हणाला. "म्हणून विचारलं."

५

शनिवारी मी काकूला म्हटलं, भूक नाही. काका-काकू वर गेले. मी शटर आतून ओढलं आणि टायरांच्या खोपटात शिरले. खोपट म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली कपाटाएवढी जागा. टॉर्क पाना बरोबर घेतला. आमच्याकडे तो एकच आहे. तो मांडीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. प्लायला डोळ्याच्या उंचीवर एक भोक आहे, जुन्या खिळ्याचं. त्यातून हँडल, टी आणि पाइपांची टोकं तेवढी दिसतात. सकाळीच बारा करून ठेवलं होतं.

वर खुर्च्या सरकल्या. एक, दोन. मग कुबडीचा ठोका आणि तिसरी. ताटं वाजली. तिघंही वर.

बराच वेळ काही झालं नाही. शटरच्या फटींतलं ऊन जमिनीवर होतं. माझ्या मनगटावरचं घड्याळ मला ऐकू येत होतं. मी स्वतःला समजावत होते की धातू उन्हाने फुगतो, थंडीने आखडतो. दुपारी पत्रा तापतो. काहीतरी असेल ज्याचा धडा मी कॉलेज सोडल्यावर शिकवला गेला. एक मिलिमीटरचा धडा.

मग जॅकचा दांडा करकरला. तीनदा, सावकाश. तिसऱ्यांदा जरा थांबून, दम खाऊन.

मी डोळा भोकाला लावला नाही. लावता आला नाही. बोल्ट सुटल्याचा आवाज आला, कोरडा. एक, दोन, तीन, चार. आणि मग गुणगुणणं. एकच सूर, नाकातून, जुन्या पंख्यासारखा थोडा चिरलेला.

मी तोंडावर हात ठेवला. माझं तोंड बंद होतं. घशाला बोटं लावली. घसा हलत नव्हता.

टक्.

टॉर्क पाना माझ्या मांडीवर होता. मी त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. बाहेर पुन्हा टक्. टक्. चौथ्याला उशीर लागला. हाताला जोर कमी पडतोय हे आवाजावरून कळत होतं, आणि इतक्या भीतीतही माझ्या मनात आलं, दांडा लांब धर ना, टोकाशी धर.

तेव्हा मी बघितलं.

भोकातून फक्त टी दिसत होती आणि तिच्यावर एक हात. हाताच्या मागे काय होतं ते प्लायच्या आड होतं आणि मी डोकं हलवलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात. शिरा वर आलेल्या, कातडी कागदासारखी, नखांच्या कडांत काळं ग्रीस. त्यात व्हर्नियर होता. हात थरथरत होता, म्हणून दुसरा हात आला आणि त्याने पहिल्याचं मनगट धरलं. व्हर्नियरचा एक पाय टीवर टेकला. दुसरा पाइपच्या कडेवर नाही, टोपीच्या डोक्यावर टेकला. हात थांबला. मला बघू दिलं, असं मी लिहिणार होते, पण ते मला माहीत नाही. थांबला एवढं खरं.

अंगठ्याच्या मुळाशी एक डाग होता. आकडीसारखा. जुना, पांढरा, चकचकीत, कातडीत पार मुरलेला.

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. पट्टी होती. पट्टीच्या खाली ठणकत होतं.

पुन्हा भोकातून बघितलं तेव्हा फक्त गाडी होती आणि चार ओल्या लाल रेघा.

६

दार उघडायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. पाय बधिर झाले होते, तो टायरांचा दोष. गाडीपाशी आले आणि मोजलं, माझ्या पद्धतीने. सहा. मग व्हर्नियर तसाच धरून त्याचा पाय टोपीच्या डोक्यावर टेकवला.

बारा.

भिंतीकडे बघितलं. 'फोर्क १२'. पेन्सिलीतलं ते वळणदार अक्षर. पंचवीस वर्षं.

व्हर्नियर हातात घेऊनच मी जिना चढले. तिघं टेबलाशी होते.

"काका, फोर्क मोजताना तू कुठपर्यंत मोजतोस?"

त्याने घास तोंडात घातला. चावत राहिला, जेवढा वेळ एक घास चावता येतो तेवढा. मग म्हणाला, "टोपीसकट."

"टोपी सहा मिलिमीटरची आहे."

"माहीत आहे."

"म्हणजे भिंतीवरचे बारा म्हणजे आमचे सहा. आम्ही बारा लावले म्हणजे तुझे अठरा."

"अठरावर हँडल नाचतं, मी सरळ रस्त्यानेसुद्धा गाडी नेणार नाही," काका म्हणाला. ते त्याच्या तोंडून सवयीने गेलं. कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणाला असता तसं. मग त्याला कळलं कोण ऐकतंय.

दादाने चमचा खाली ठेवला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तो दवाखान्यात होता तेव्हा. गाडी टेम्पोतून आणली. मी मोजली." काका ताटाकडे बघत होता. "अठरा होती. रेघा पिवळ्या."

"आणि बोलला नाहीस."

"बोलणार होतो."

"कधी?"

"रोजच बोलणार होतो. आधी तो शुद्धीवर नव्हता. मग ऑपरेशन. मग वाटलं, आता बोलून पाय का बरा होणार आहे."

"आणि मला? बुधवारी? मी तुझ्यासमोर बारा केले. तू चेन पुसत बसलास."

"तुला सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं," काका म्हणाला.

हे मी जसंच्या तसं लिहितेय. त्याला मी मेले असते तरी चाललं असतं असं नाही; तो काही राक्षस नाही. तो आकडा खाली जाताना बघून सुटकेचा श्वास टाकत होता, कुणीतरी त्याचं काम करतंय म्हणून. कोण, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. आपलं तोंड उघडायला लागू नये म्हणून माणूस भुतावरही भरवसा ठेवतो.

मग दादा म्हणाला, अगदी हळू, पाढा आठवल्यासारखं: "म्हणजे मी घाबरलो नव्हतो."

"नव्हतास," मी म्हटलं.

"अकरा महिने."

काकू उठली. तिने काकाच्या पुढचं ताट उचललं, अर्धं जेवण होतं तसंच, आणि आत नेऊन ठेवलं. काका हात धुवायलाही उठला नाही. तसाच बसून राहिला, खरकट्या बोटांनी.

७

दादा त्या दुपारी जिना उतरला. बावीस पायऱ्यांना त्याला पाव तास लागला. मी पुढे, काकू मागे. मध्ये दोनदा तो म्हणाला, "हात लावू नका," आणि एकदा म्हणाला, "लाव." गॅरेजच्या दारात तो थांबला. मला वाटलं परत फिरतो. पण त्याने नाकाने मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "टायर कुठे ठेवलेत गं तू, सगळा वास बदललाय."

गाडीपाशी स्टुलावर बसून त्याने चारही बोल्ट तपासले. लाल रेघांच्या शेजारी पिवळ्या ओढल्या. "या लाल जरा वाकड्या आहेत," म्हणाला. "हात थरथरत होता का?"

"हो," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं आणि डबीचं झाकण लावलं.

काका सगळ्यात शेवटी आला, दारात उभा राहिला, आपल्याच गॅरेजच्या दारात, परवानगी मागत असल्यासारखा. मी टेबलावरची पेन्सिल उचलून त्याच्या हातात दिली.

"लिही."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

तो भिंतीपाशी गेला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. 'फोर्क १२' च्या पुढे त्याने लिहिलं: टोपीसकट. अक्षर लहान होतं. मी म्हटलं, मोठं लिही. त्याने खोडून मोठं लिहिलं. दादाने त्याच्याकडे बघितलं नाही, पण वाकून त्याची पडलेली पेन्सिल कुबडीने त्याच्याकडे सरकवली. एवढंच झालं. बाकीचं त्यांचं त्यांनी बघावं.

मी फोर्कला हात लावला नाही. मला रात्रभर एकच धाकधूक होती: उद्या सकाळी पाच तर नसेल? सकाळी सहाला मोजलं. टोपीसकट बारा. पोचायचं तिथे पोचलं होतं.

८

पाचव्या वळणाबद्दल सांगते, बाकीची कुणाच्याही वळणांसारखीच होती.

मी आत शिरताना गाडी वाकवली, ती वाकली, उतावीळ नाही, आळशी नाही. बाहेर येताना ॲक्सिलरेटर उघडला आणि गाडी सरळ झाली. तिथेच, दादाने सांगितलं त्याच जागी, हँडलमध्ये एक थरथर सुरू झाली. बारीक. माझ्या मनगटापर्यंत आली. मला वाटलं, संपलं. आणि ती थरथर तशीच विरली. थरथरणारं मनगट दुसऱ्या हाताने धरावं आणि ते शांत व्हावं, तशी.

मी सातवी आले. जिंकणाऱ्यांच्या गोष्टी काका सांगेल. खाली चाचणीवाला उभा होता, टोपी घातलेला, चिडक्या तोंडाचा माणूस. त्याने वेळ बघितली, मग गाडीचा फोर्क बघितला, वाकून, बराच वेळ.

"हा कोणी लावला?"

"मीच," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"बुधवारी ट्रॅकवर ये. आठ वाजता. उशीर चालत नाही."

त्याला दीड महिना झाला. दुपारी एक ते अडीच आता गॅरेजात काहीच होत नाही. दादा मधूनमधून जेवणानंतर लवकर खाली उतरतो, एकटाच बसतो, कान देतो. मला म्हणतो, "आज पण काही नाही." त्याचा आवाज थोडा निराश असतो. काकाशी तो बोलतो, कामापुरता. काका हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता दहा गोष्टी सांगतो; लोक कंटाळून जातात. कंटाळू देत.

एका गोष्टीचा मला अजून राग येतो. त्या हाताला इतकं सगळं येत होतं. शनिवारपर्यंत एकदा येऊन खडूने जमिनीवर एक शब्द लिहिता आला असता. सहा दिवस मला मरणाच्या भीतीत ठेवलं, रोज एक मिलिमीटर, गुपचूप, कुणाला काही न सांगता. अगदी आमच्या घरातल्या थोरांसारखं. म्हणून हे लिहून ठेवतेय, सगळं, आकड्यांसकट. वय झाल्यावर मला ही खोड लागलीच तर कुणीतरी हे कागद माझ्या तोंडावर फेकावेत.

काल काकूने शेवटची पट्टी काढली. आकडीसारखाच आहे. अजून गुलाबी आहे, कडा उचललेल्या, ग्रीस लागलं की चुरचुरतं. मी तो उजेडात धरून बघितला. पांढरा व्हायला, कातडीत पार मुरायला, त्यावर शिरा वर यायला खूप वर्षं लागणार.

लागू देत.